आधी भट्टी पाडा

“आजोबा, घुमट अजून दिसतोय. तो पडल्याशिवाय फोटो चालायचा नाही,” नगरपालिकेच्या कुलथे मॅडम म्हणाल्या. एका हातानं त्यांनी नाकाला रुमाल धरला होता आणि दुसऱ्या हातानं मोबाईल उंच केला होता.

माझे सासरे कंबरेवर हात ठेवून उभे राहिले. अंगभर विटांची भुकटी. आमच्याकडं सासऱ्यांना मामा म्हणतात, म्हणून मीही मामाच म्हणते. गावाला ते आप्पा, आप्पा बेकरीवाले.

“चालायचा न्हाई म्हंजे?” मामा म्हणाले. “तोंड फोडलं, धुराडं उतरवलं. आता ह्यात काय मी माझं मढं भाजणार हाय?”

“तसं नाही हो. ‘जुनी भट्टी कायमची निकामी’ असं फोटोत दिसायला लागतं. नाहीतर प्रस्ताव वरून परत येतो. मग मला बोलू नका.”

मी रेवाला कडेवर घेऊन जिन्यात उभी होते. तिच्या नाकातोंडावर माझी ओढणी गुंडाळलेली. आम्ही बेकरीच्या वरच राहायचो. खाली काय चाललंय ते बघितल्याशिवाय मला वर थांबवत नव्हतं, आणि पोरीला वर एकटं ठेववत नव्हतं.

“मॅडम,” मी म्हटलं, “विजेचा लोड अजून वाढवून मिळालेला नाही. मशीन आलंय, पण ते चालणार कशावर? आधी जोडणी येऊ दे, मग घुमट पाडला तर?”

त्यांनी वर पाहिलं. बाई वाईट नव्हत्या. दमलेल्या होत्या. दसऱ्याची सुट्टी असून आल्या होत्या.

“ताई, वीज हे वेगळं खातं. आमच्या योजनेत क्रम ठरलेला आहे. आधी भट्टी पाडा, मग फोटो, मग अनुदान. महिनाअखेर पोर्टल बंद होतंय. पुढच्या वर्षी योजना असेल का, मला माहीत नाही.”

“पण तोवर पाव कशात भाजायचा?”

“अर्ज केलाय ना लोडचा? मग येईलच की.”

माझा नवरा अविराज मध्येच म्हणाला, “करून दोन महिने झालेत. आठवड्यात होईल म्हणालेत.”

मामांनी हात झटकले. “झालं की मग. आज दसरा हाय. आज न्हाई तर कधी?”

हे आमच्या घरचं. वर्षभर भट्टी विझायची नाही. फक्त खंडेनवमीला ती थंड करायची, आतून झाडून काढायची, तोंडाला हळदकुंकू लावून झेंडूची माळ चढवायची, आणि दसऱ्याला सूर्य उगवायच्या आत नव्या लाकडानं पेटवायची. यंदा पूजा झाली होती, पेटवायची नव्हती. नवं मशीन दसऱ्याच्या मुहूर्तावरच चालू करायचं, आणि एका घरात दोन अग्नी नांदवायचे नाहीत, म्हणून त्याआधी जुना मोडायचा, असं मामांनी ठरवलं होतं. वीज नाही तर नाही. नारळ तरी फोडू. वीज कंपनीचा शिक्का यायचा तेव्हा येईल, मुहूर्त थांबत नाही.

हसनभाई आमचे भट्टीवाले. त्यांनी पहार मामांच्या हातात दिली. “आप्पा, तुम्हीच मारा. माझ्यानं व्हायचं न्हाई.”

मामांनी मारली. घुमट वाटला होता त्यापेक्षा सोपा पडला. मॅडमनी तीन फोटो काढले. एकात मामांना बाजूला सरकायला लावलं, कारण त्यांच्यामुळं ढिगारा नीट दिसत नव्हता.

नारळ फोडून खोबऱ्याचा तुकडा मामांनी रेवाच्या हातात दिला. “बघ गं बये, तुझा वैरी मेला.”

ती चार वर्षांची होती. पहिल्या वर्षापासून तिची छाती वाजायची. दिवाळी, लग्नसराई, भट्टीला जादा लाकूड लागेल त्या दिवसांत आम्ही तिला घेऊन दवाखान्यात असायचो, वाफेचा मास्क तोंडावर, डोळे मोठे. डॉक्टरांनी मला एकदा बाजूला घेऊन सांगितलं होतं, “औषध मी बदलत राहीन. धूर तुम्ही बदला.” मी घरी येऊन सांगितलं, की धूर नाही बदलला तर मी रेवाला घेऊन सांगलीला, माहेरी जाऊन राहीन. भांडून नव्हतं सांगितलं. भाजी निवडताना सांगितलं. दुसऱ्या दिवशी मामाच नगरपालिकेत जाऊन लाकडाची भट्टी मोडून विजेची घ्यायच्या योजनेची माहिती घेऊन आले.

मामांनी अनुदानासाठी भट्टी पाडली असं गाव म्हणायचं. गावाला काय.

*

दसऱ्यानंतरच्या सकाळी रेवा उठली, पलंगावर बसली आणि तिनं विचारलं, “आई, वास कुठं गेला?”

तिला बिनधुराचं घर माहीतच नव्हतं. मी रात्रीची तिच्या पोटावर हात ठेवून झोपायचे. श्वास अडकला की हाताला आधी कळायचं. त्या आठवड्यात माझा हात नुसताच ठेवलेला राहिला. ती जिन्यातून पळत खाली जायची, पळत वर यायची आणि वर आल्यावर लगेच बोलायची. मध्ये थांबायची नाही. मला ते बघून भीतीच वाटायची. चांगलं झालेलं मला चटकन खरं वाटत नाही.

खाली मात्र शुकशुकाट. नवं मशीन प्लॅस्टिकच्या कागदात उभं होतं. ट्रे रिकामे. गिऱ्हाईक यायचं, “पाव?” म्हणायचं आणि मान हलवून बबनरावांच्या बेकरीकडं वळायचं. बबनराव म्हणजे पेठेतले दुसरे बेकरीवाले. त्यांनी योजनेत भाग घेतला नव्हता. लाकडाच्या भट्ट्यांवर बंदीचा आदेश निघाला तेव्हा ते मामांकडं सहीसाठी आले होते, सगळ्या बेकरीवाल्यांचं निवेदन घेऊन. मामा म्हणाले, “माझी नात खोकती बबन. सरकार बोलतंय त्यात खोटं काय हाय?” आणि सही केली नाही.

आठवडा उलटला तसे आम्ही तिघंही वीज कंपनीच्या ऑफिसात गेलो. रेवाला शेजारी ठेवलं. मी बी.कॉम. आहे, कागद मला वाचता येतात, एवढ्याच भरवशावर मी गेले होते.

साहेब तरुण होते. त्यांनी स्क्रीनवर बघत सांगितलं, “तुमच्या पेठेतली डीपी फुल आहे.”

खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरला आमच्याकडं डीपीच म्हणतात.

“फुल म्हणजे?” अविनं विचारलं.

“म्हणजे तिच्यावर आता मिरची कांडायचं मशीनसुद्धा बसत नाही. तुमची भट्टी तर सगळ्या पेठेइतकी ओढणार. नवीन डीपी बसवायला लागेल.”

“मग बसवा.”

“बसवतो की. दोन मार्ग आहेत. एक, आमच्या आराखड्यात नाव घालायचं. यंदाचा आराखडा गेला. दुसरा, तुम्ही खर्च करायचा, आम्ही तो बिलातून हळूहळू वळता करतो.” त्यांनी एका कागदावर आकडा लिहून अविसमोर सरकवला. अविनं तो माझ्यासमोर सरकवला. मशीनच्या किमतीच्या जवळजवळ दुप्पट होता.

“साहेब, योजनेत ह्याला पैसे नाहीत का?” मी विचारलं.

“योजना मशीनला आहे ताई. डीपीला नाही.”

“पण डीपीशिवाय मशीन काय करणार?”

“ते मी कसं सांगू? योजना आमच्याकडची नाही.” मग जरा मऊ होऊन म्हणाले, “आणि एक सांगतो. लोड वाढला की बिलातला स्थिर आकार वाढतो, भट्टी चालू असो नसो. शिवाय रात्रीचा दर जास्त. सौर वीज आल्यापासून दिवसा स्वस्त झालीय. तुम्ही दिवसा भाजा.”

मामा एवढा वेळ टोपी गुडघ्यावर ठेवून बसले होते. “साहेब, पाव सकाळी सहाला लागतो. चहाबरोबर. मिसळवाला साडेसहाला दारात असतो.”

“मग आदल्या दुपारी भाजायचा.”

“आदल्या दुपारची भाकरी तुम्ही खाता व्हय?”

“खातो की. दह्यात कुस्करून.”

मामा हसले. खरंच हसले. “मग तुमचं बरं चाललंय साहेब. आमच्या मिसळवाल्याला तेवढं सांगून या.”

बाहेर आल्यावर मात्र ते कट्ट्यावर बसले आणि पाणी मागितलं. अवि म्हणाला, “आप्पा, मशीनच्या कर्जाचा हप्ता पुढच्या महिन्यापासून सुरू.” मामा म्हणाले, “माहीत हाय मला. पाणी पिऊ दे.”

*

दिवाळी जवळ आली आणि डबे यायला लागले.

आमच्या गावात दिवाळीची नानकटाई घरी भाजत नाहीत. बायका मैदा, रवा, पिठीसाखर, तूप असं सगळं आपापलं मोजून पत्र्याच्या डब्यांतून बेकरीत आणतात. आम्ही मळून, थापून भाजून द्यायचं. ज्याच्या तुपाची नानकटाई त्याच्याच डब्यात. त्या दिवसांत दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. मी लग्न होऊन आले त्या वर्षी मामांनी मला हेच काम दिलं होतं, डब्यांवर नावं चिकटवायचं. अख्खी पेठ मला त्या डब्यांवरून माहीत झाली.

पहिल्या आल्या मोहितेकाकू.

“काय आप्पा, यंदा म्हणे लाईटवर भाजणार? नानकटाई शॉक देणार काय आम्हाला?”

“देणार की. म्हाताऱ्या माणसाला जरा जास्त देणार.”

“म्हातारे व्हा तुम्ही! कधी येऊ न्यायला?”

मी गल्ल्याशी उभी होते. मी मामांकडं बघितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

“वसुबारसेला या.”

काकू गेल्यावर मी म्हटलं, “मामा, कशावर भाजणार?”

“एवढ्यात काय तरी होईल.”

“साहेब स्पष्ट बोलले होते.”

“अगं, ती बाई माझ्या आईच्या काळापासून डबा घेऊन येती. तिला काय सांगू? डीपी फुल हाय म्हणून परत जा?”

संध्याकाळपर्यंत भिंतीला डब्यांच्या दोन रांगा लागल्या. हसनभाईंनी मला हळूच विचारलं, “वहिनी, मी बबनरावांकडं जाऊ का? दिवाळीपुरतं? घरी काय नेऊ?” मी म्हटलं, “जा. आप्पांना मी सांगते.” आप्पांना मी सांगितलंच नाही. त्यांना कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी अवि एक तोड घेऊन आला. “मंडपवाल्या सुतारांचा जनरेटर मिळतोय. मोठा. लग्नं सुरू व्हायला अजून वेळ आहे, भाड्यानं देतो म्हणतात. मशीन ओढतंय त्याच्यावर, मी विचारलंय. डिझेल आपलं.”

“ठेवणार कुठं?” मी विचारलं.

“बोळातच. दुसरी जागा कुठाय?”

“बोळात म्हणजे रेवाच्या खिडकीखाली.”

“चार दिवसांचा प्रश्न आहे गं.”

“लाकडाचा धूर नको म्हणून आपण भट्टी पाडली. आणि आता डिझेल जाळून विजेची भट्टी चालवायची?”

“मग तू सांग! तूच सांग काय करू!” अविचा आवाज चढला. रेवा पायरीवर बसून टोस्ट खात होती. तिनं खायचं थांबवलं. “धूर नको, धूर नको. धूर गेला की. त्याच्याबरोबर सगळंच गेलं. आता खा ताजी हवा!”

मी काही बोलायच्या आत मामा आतून म्हणाले, “जनरेटर न्हाई आणायचा.”

“आप्पा, डबे—”

“डब्यांचं मी बघतो. पोरीच्या खिडकीखाली काय पेटायचं न्हाई.”

*

दुपारी बबनराव आले. हातात पेढ्यांचा पुडा.

“आप्पा, तोंड गोड करा. मुदत वाढली! मुंबईला गेलो होतो आम्ही सगळे. लाकडाच्या भट्ट्यांना दोन वर्षं हात लावणार न्हाईत.”

मामांनी पेढा घेतला. “बरं झालं.”

“तुम्ही घाई केली आप्पा. सांगत होतो मी, सरकारचं काम हाय, पहिल्या पंगतीला बसणारा उपाशी उठतो. शेवटच्या पंगतीला वाढतात पोटभर.”

“व्हय. सांगत होतास.”

बबनराव जरा ओशाळले. भिंतीलगतच्या डब्यांकडं बघून म्हणाले, “हे माझ्याकडं आणा. माझी भट्टी रात्री दोन घाण्यांना मोकळी हाय. पैसे नकोत. आपण काय परके हाय व्हय?”

ते गेल्यावर मी वर जाऊन कुलथे मॅडमना फोन लावला.

“मॅडम, मुदत वाढल्याचं कळलं. म्हणजे आम्हालाही दोन वर्षं मिळतील ना? डीपी येईपर्यंत जुन्या भट्टीवर—”

“तुम्हाला कशी मिळेल ताई? मुदतवाढ भट्टी असणाऱ्यांना आहे. तुमची भट्टीच नाही. माझ्याकडं फोटो आहे.”

“आम्ही परत बांधली तर?”

“मग अनुदान रद्द. हमीपत्र दिलंय तुम्ही. आणि मशीन परत घेतलं जात नाही.” मग म्हणाल्या, “ताई, खरं सांगू? तुमची फाईल मी जिल्ह्यात आदर्श म्हणून पाठवलीय. पहिली बेकरी तुमचीच. जरा धीर धरा.”

त्या रात्री मामांनी हातगाडीवर डबे चढवले आणि स्वतः ढकलत बबनरावांच्या बेकरीत नेले. अवि मदतीला निघाला तर त्याला नको म्हणाले. पहाटे सगळे डबे भरून परत भिंतीला लावले. वसुबारसेला बायका आल्या, घेऊन गेल्या. मोहितेकाकूंनी दुकानातच एक तोंडात टाकली.

“काय खुसखुशीत झालीय हो! लाईटवरची म्हणून मी धास्तावले होते. लाकडापेक्षा चांगली!”

मामा म्हणाले, “बघा. उगंच नावं ठेवता.”

*

पाडव्याच्या दुपारी अवि झोपला होता. मी खाली आले तर मामा मागच्या अंगणात खुर्ची टाकून बसले होते. समोर भट्टीचा ढिगारा तसाच. रेवा त्याच्यावर चढत होती आणि उडी मारत होती. चढत होती आणि उडी मारत होती. गाल लाल झालेले, केस कपाळाला चिकटलेले. मी सवयीनं कान दिला. छाती वाजत नव्हती.

“बस,” मामा म्हणाले.

मी पायरीवर बसले.

“गवंडी येऊन गेला सकाळी,” ते म्हणाले. “विटा चांगल्या हायत म्हणतो, निम्म्याच्या वर वापरता येतील. भाऊबीज झाली की पंधरा दिवसांत उभी करतो म्हणाला.”

मी ढिगाऱ्यातल्या विटांकडं बघितलं.

“अनुदान जाईल. हप्ता तर मशीनचा भरायलाच लागणार. पण पाव सुरू झाला तर भरता तरी येईल. आता तर तेही न्हाई.” ते रेवाकडं बघत बोलत होते. “अविला मी विचारलं न्हाई. तो हो म्हणंल. त्याला रात्रीची झोप न्हाई. तू सांग. तू न्हाई म्हणालीस तर न्हाई बांधणार. दुसरं काय तरी बघू. दुकान भाड्यानं देऊ, मोबाईलवाला मागतोय.”

“आणि तुम्ही काय करणार?”

“मी काय, बसीन असाच. खुर्ची चांगली हाय.”

रेवा ढिगाऱ्यावरून ओरडली, “आजोबा, बघा, आता उलटी उडी!”

“बघतोय, बघतोय. पड पाठीवर!”

ती खरंच पडली, उठली आणि हसत सुटली. हसून हसून तिला ठसका लागला. मी उठले. ठसका लगेच थांबला. मी परत बसले.

ती वीस-बावीस दिवस नीट श्वास घेत होती, आणि तेवढेच दिवस घरात पाव नव्हता. यात मोठा हिशोब नव्हता.

“बांधा, मामा,” मी म्हटलं.

त्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. त्यांना वाटलं असेल मी अजून काही बोलेन. मी भाजी निवडताना काय सांगितलं होतं, ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त लक्षात होतं.

ते म्हणाले, “शाळेत तिकडंच घालणार?”

“हो. जूनपासून.”

“सांगलीला इंग्रजी शाळा असतील.”

“असतात.”

“अवि येत जाईल रविवारी. बेकरीला रविवारी सुट्टी नसती, पण बघीन मी.” मग टोपी काढून त्यांनी डोक्यावरून हात फिरवला. “नाव आपलंच लावशील न्हवं तिचं?”

“मामा, काय बोलताय! आपलंच लावणार की. मी काय भांडून चाललेय?”

“न्हाई, न्हाई. विचारलं आपलं.”

*

भट्टी ठरल्याप्रमाणं उभी राहिली. पहिल्या दिवशीचा पाव मामांनी एसटीच्या कंडक्टरकडून सांगलीला आमच्याकडं पाठवला होता, कागदात गुंडाळून, अजून कोमट.

बंदीची मुदत नंतर दोनदा वाढली. आमच्या मशीनवर मैद्याची पोती ठेवतात. अवि रविवारी येतो. पहिल्या वर्षी न चुकता यायचा, मग महिन्यातून दोनदा. त्याच्या शर्टाला धुराचा वास असतो. रेवा त्याच्या कुशीत शिरते आणि मी मोजत बसते, किती वेळानं खोकेल. आता ती तशी खोकत नाही.

चौथ्या वर्षी पेठेतली डीपी बसली. अविनं फोन केला होता. बँकेतल्या माझ्या नोकरीवरून घरी येताना मी रस्त्यातच थांबून तो घेतला.

“आपल्या बेकरीसमोरच बसवलीय,” तो म्हणाला. “लोड मिळेल आता. साहेबच येऊन सांगून गेले.”

“योजना?”

“ती बंद झाली मागच्या मार्चला. पण मशीन आहे की आपल्याकडं. झाडून-पुसून घेतलं तर चालेल. भट्टी तेवढी बंद करायची.”

“मग? मामा काय म्हणाले?”

मागं ट्रे आपटल्याचा आवाज येत होता. संध्याकाळचा घाणा निघाला असणार.

“म्हणाले, आता कशाला. पोरीची शाळा तिकडं चांगली चाललीय, तिचं बस्तान बसलंय. राहू दे.”

“आणि तू? तू काय म्हणालास?”

“मी?” अवि म्हणाला. “मी म्हटलं, बघू.”